फळ्यावर नसलेला किनारा

१

मंगळवारी दुपारी सव्वातीनला ग्रो रोशच्या किनाऱ्यावर एक गोरा म्हातारा बदामाच्या झाडाखाली बसलेला सापडला. बूट काढून शेजारी नीट ठेवलेले, मोजे बुटात खुपसलेले, डोळे समुद्राकडे उघडे. परतणाऱ्या कोळ्यांनी आधी हाक मारली, मग हात लावला. अंग गार पडलं होतं. त्याचं जहाज पाचला सुटणार होतं. ते त्याच्याशिवाय सुटलं.

मी त्याला सकाळीच पाहिलं होतं. धक्क्याच्या फाटकाशी माझा पाट आहे, जायफळ-लवंगांच्या माळा विकते मी. त्याने एक माळ घेतली, गळ्यात न घालता नाकाशी धरली आणि खिशातून एक फोटो काढला. फोटोत एक तरुण बाई, मागे मोठा काळा खडक आणि फेसाळलेलं पाणी.

"हा किनारा कुठला? मला आज इथेच जायचंय," तो म्हणाला. "माझी बायको आहे ही. जानेवारीत गेली."

खडक मी ओळखला. ग्रो रोश, वाऱ्याकडच्या बाजूचं. पण मी फळ्याकडे बोट दाखवलं. दुसरं काय करणार?

जहाजाच्या दिवशी आमच्याकडे किनारा निवडायची एक रीत आहे. पहाटे आमच्या म्हाताऱ्या सुईण, नर्सबाई, बेटावरच्या कोळ्यांना फोन लावतात, कुठे शेवाळ आलंय, कुठे पाणी स्वच्छ आहे ते विचारतात, आणि धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने एकच नाव लिहितात. त्या दिवशी सगळ्या गाड्या तिथेच जायच्या. जो चालक उतारूला फळ्यावर नसलेल्या किनाऱ्यावर नेईल, तो रांगेतून कायमचा बाद. मंगळवारी फळ्यावर नाव होतं ला फिलेट.

संध्याकाळी पोलिसांनी ऑगस्टिनला धरलं. तो ग्रो रोशचाच. त्याची गाडी दुपारी तिथे उभी होती, आणि सकाळी धक्क्यावर तो त्या म्हाताऱ्याच्या अंगावर ओरडला होता, शंभर लोकांनी ऐकलं. वर माझ्या धाकट्या भावाने, त्याच रांगेत गाडी लावणाऱ्या केल्व्हनने, जबाब दिला: "म्हातारा ऑगस्टिनच्या गाडीकडे जाताना मी बघितला."

मला काही फार वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? ऑगस्टिन म्हणजे फणसासारखा माणूस, आणि आतला गरा मला कधी दिसलाच नव्हता. रांगेवरून केल्व्हनशी त्याची रोजची खडाजंगी. मी माझ्या कामाला लागले. बुधवारी सकाळी केल्व्हनच्या गाडीत बसून बाजारात गेले, तर आरशाला लटकवलेलं आईचं चांदीचं कडं काळंकुट्ट पडलेलं. रविवारीच मी ते आरशासारखं घासलं होतं. "गाडीत काय करतोस रे, कोळसा भरतोस का?" म्हणून त्याला झापलं, आणि घरी आणून सोडा-लिंबू लावून पुन्हा चकचकीत केलं. घरातली असली सगळी कामं माझ्याच कपाळी.

पाट मांडून बसले, तोच नर्सबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"व्हर्नेल, पाट झाक आणि चल," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याला ऑगस्टिनने नेलेलं नाही."

२

नर्स अल्रिका पास्कल सत्तरीच्या आहेत. अर्ध्या बेटाच्या नाळा त्यांनी कापल्यात, माझी आणि केल्व्हनचीसुद्धा. त्यांना नाही म्हणायची सोय नाही.

"शवागारात जाऊन आले," चालता चालता त्या म्हणाल्या. "तिथली पोरगी माझ्याच हाताखाली शिकलीय. तो बुडालेला नाही. छातीत थेंबभर पाणी नाही. फुप्फुसं आधीच अधू, दम कोंडला आणि हृदय थांबलं."

"मग त्यात कुणाचा काय दोष?"

"दमेकऱ्याला सडलेल्या शेवाळाच्या ढिगाशी नेऊन बसवणं म्हणजे काय, ते मी सांगू तुला? आणि नेणारा गप्प बसलाय. मेलेल्या माणसाला तसंच टाकून आलाय."

कोठडीत ऑगस्टिन भिंतीला टेकून बसला होता. मला बघून त्याने तोंड वाकडं केलं. "हिला कशाला आणलंत? हिच्या भावानेच तर मला इथे बसवलंय."

"तू त्या म्हाताऱ्यावर ओरडलास का?" नर्सबाईंनी विचारलं.

"ओरडणार नाही तर काय! फोटो दाखवून म्हणाला, इथे ने; फोटो ग्रो रोशचा. छातीतून शिट्टी वाजत होती त्याच्या. म्हटलं, तिथे जायचं नाही! कुणी नेतो म्हणाला तरी जायचं नाही! त्याला कमी ऐकू येत होतं, म्हणून आवाज चढवला. माझा साधा आवाजसुद्धा भांडणासारखा वाटतो लोकांना, त्याला मी काय करू?"

"मग?"

"मग काय. मला एकही उतारू मिळाला नाही, दहालाच रिकामी गाडी घेऊन घरी गेलो. छपराचे पत्रे ठोकत होतो दिवसभर. चार लोकांनी बघितलं. पण सार्जंटसाहेब म्हणतात, ग्रो रोशमध्ये सगळेच तुझे चुलतभाऊ."

त्याच्या गळ्यात एक साखळी होती, तव्याच्या बुडासारखी काळी. मला राहवलं नाही. "साखळी तरी धड घाल रे. लोखंडाची आहे की काय?"

"चांदीची आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे चांदी टिकत नाही."

दारातून बाहेर पडताना त्याने हाक मारली. आवाज एकदम बारीक झाला होता. "नर्सबाई, शुक्रवारी मॅजिस्ट्रेटसमोर उभा करणार आहेत. बायकोला सातवा महिना लागलाय. बाळंतपणात तुम्हीच सोडवणार होता ना तिला?"

"मीच सोडवणार आहे," नर्सबाई म्हणाल्या. आम्ही रस्त्यावर आलो. मग म्हणाल्या, "म्हाताऱ्याच्या मानेवर आणि खांद्यांवर फोड आहेत. डॉक्टर म्हणतो, उन्हाने भाजलं. ऊन कधी ओघळ आल्यासारखं भाजतं का गं?"

३

ला फिलेटला रस्त्यावरून पन्नास पायऱ्या उतरून जावं लागतं. गाड्या वरच थांबतात. खाली रोझलिन खुर्च्या भाड्याने देते. दोन्ही हातांत कोपरापर्यंत चांदीच्या बांगड्या, चालली की आधी ती ऐकू येते.

"मंगळवारी एक म्हातारा होता. सुती टोपी, हातात फोटो," नर्सबाई म्हणाल्या.

"तो? अगं बाई, तो मेला तोच का?" रोझलिनने कपाळाला हात लावला. "अकराला सर आली ना, दहा मिनिटांची, सगळे माझ्या छपराखाली पळत आले. आणि हे महाशय त्या झाडाखाली उभे! मी घसा फाटेपर्यंत ओरडले. ढिम्म ऐकेना. शेवटी जाऊन हाताला धरून ओढला."

ते झाड तिने दाखवलं. खोडाला लाल पट्टा मारलेला. मँचिनील. आमच्याकडे पोरं बोलायला शिकायच्या आधी त्या पट्ट्याला भ्यायला शिकतात. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं की पानांवरून गळणारं पाणी चीक घेऊन अंगावर पडतं आणि कातडीला फोड येतात.

"ग्रो रोशला हे झाड आहे?" मी विचारलं.

"एकही नाही. आणि मंगळवारी तिकडे पाऊसही नव्हता," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणजे अकरा वाजता तो इथे होता. ऑगस्टिन दहालाच रिकामा घरी गेला. इथून ग्रो रोशला डोंगर ओलांडून पाऊण-एक तास लागतो. रोझलिन, तो कुणाच्या गाडीतून आला?"

"गाड्या वर थांबतात, मला खालून काय दिसणार? एकदम तीस माणसं उतरली. साडेअकराच्या सुमारास तो पायऱ्या चढून वर गेला. सारखा फोटो दाखवत होता, मलासुद्धा दाखवला. रडत होता गं बाई. मग मी पुन्हा पाहिलं नाही त्याला."

नर्सबाईंनी पिशवीतून वही काढली. कुठल्या गाड्या किनाऱ्यावर गेल्या त्याची नोंद त्या वहीत ठेवतात. मंगळवारी ला फिलेटला तीन गाड्या गेल्या होत्या. जोसेटची गाडी वरच बंद पडली होती, जोसेट स्वतः दुपारपर्यंत गाडीखाली आडवी होती आणि मेकॅनिक तिच्याजवळ होता. म्हातारा फिलिबर्ट उतारूंना सोडून धक्क्यावर परत आला होता, दिवसभर माझ्याच पाटाशी बसून त्याने माझं डोकं खाल्लं होतं.

तिसरं नाव नर्सबाईंनी वाचलं नाही. वही मिटली.

"केल्व्हन तर म्हणाला होता, म्हातारा ऑगस्टिनच्या गाडीकडे गेला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

"हो," नर्सबाई म्हणाल्या. "तसं म्हणाला होता खरा."

४

मी भांडले. भावासाठी बहीण भांडणार नाही तर कोण? म्हटलं, एखादी खासगी गाडी आली असेल. बसने गेला असेल. रस्त्यावर हात दाखवून कुणाच्या मालगाडीत बसला असेल.

"असेल," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणूनच ग्रो रोशला जाऊन बघू."

आधी त्या मला सार्जंटकडे घेऊन गेल्या. फोडांचं ऐकून सार्जंटने मान हलवली. "ठीक आहे, अकराला तो ला फिलेटला होता. मग ऑगस्टिन गाडी घेऊन त्याला आणायला आला असेल. मला दुसरं नाव द्या बाई, ह्याला आत्ता सोडतो. नाव नसेल तर शुक्रवारी ह्यालाच उभा करतो. जहाजवाल्यांचे फोनवर फोन येतायत."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

ग्रो रोशच्या आधीच्या वळणावर बसमध्ये वास शिरला. कुजक्या अंड्यांचा. किनारा दिसतच नव्हता, नुसतं तपकिरी शेवाळ, कमरेएवढे ढीग, पाण्यावर दूरपर्यंत साय धरल्यासारखा थर. बदामाचं झाड त्या ढिगाला लागूनच होतं. गाडी उभी करायची जागा झाडापासून वीस पावलांवर, बांधाच्या आत.

ऑगस्टिनची बायको पोटावर हात ठेवून दारात उभी होती. तिने आम्हाला कोको दिला. चमचे काळे होते. "लाज वाटते हो पाहुण्यांना द्यायला," ती म्हणाली. "सकाळी घासले की दुपारी असे. ह्या आठवड्यात तर तासाभरात काळे पडतात. त्या सडक्यातून वाफ निघते ना, ती चांदी खाते."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"आता वास कमी झालाय," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले.

तिने झटकन माझा दंड धरला आणि मला घरामागे, वाऱ्याच्या तोंडाशी ओढत नेलं. "कमी झालेला नाही! नाक मेलंय तुमचं. आम्ही इथे पोरांना हेच शिकवतो, वास येतोय तोवर बसा, वास थांबला की पळा. शहरातल्या लोकांना उलटं वाटतं. वास गेला म्हणजे बरं झालं म्हणतात आणि बसून राहतात."

परतीच्या बसमध्ये नर्सबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "ती गाडी तिथे तास-दीड तास उभी राहिली असणार," त्या म्हणाल्या. "तिच्यात चांदीचं काही असेल, तर ते बोलेल. पण कुणी पुसून टाकलं असेल, तर मग बोलणारं एकच तोंड उरतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. केल्व्हनच्या गाडीत त्या हजारदा बसल्यात. आरशाला काय लटकतं ते त्यांना ठाऊक होतं. 

५

केल्व्हन ओट्यावर बसून मासा साफ करत होता.

"कडं का काळं पडलं होतं रे?" मी विचारलं.

"कुठलं कडं?"

"मला बनवू नकोस. तुला मी शेंबूड पुसून वाढवलंय."

त्याने सुरी ठेवली. हाताला चिकटलेले खवले काढले. मग म्हणाला, "तो रडत होता, ताई. माझ्याच गाडीतून ला फिलेटला आला. तिथून वर आला आणि गाडीच्या पायरीवर बसून रडायला लागला. म्हणाला, चाळीस वर्षांपूर्वी लग्न करून इथे आलो होतो, आज एवढंच बघायला आलोय, पुन्हा येणं नाही. मी काय करायला हवं होतं? फळा दाखवायला हवा होता?"

"हो!"

"तू दाखवलास ना. काय उपयोग झाला?"

मी त्याच्यापुढची सुरी उचलून बाजूला ठेवली.

"सुरुवातीला फार घाण वास येत होता," तो म्हणाला. "मी त्याला म्हटलं, जाऊ या परत. तो म्हणाला, पाच मिनिटं. आणि पाच मिनिटांनी वास गेला. खरंच गेला, ताई! म्हटलं वारा फिरला असेल. तो बूट काढून छान बसला होता, फोटो मांडीवर. मी गाडीत टेकलो, काचा उघड्या, आणि डोळा लागला. उठलो तर डोकं घणाघण ठोकत होतं, आणि तो..." त्याने मनगटाने डोळे पुसले. "हाका मारल्या. हलवून पाहिला. मग मला रांग दिसली, कोठडी दिसली. मी पळालो."

"आणि ऑगस्टिनचं नाव घेतलंस."

"सार्जंटने विचारलं, कुणाच्या गाडीत गेला? तोंडातून निघून गेलं. वाटलं, दोन दिवसांत सोडतील. त्याने केलेलंच नाही तर सिद्ध कसं होणार?"

"शुक्रवारी उभा करतायत त्याला. त्याची बायको सातव्या महिन्यात आहे."

केल्व्हनने मासा बाजूला सारला. मग अगदी हळू म्हणाला, "कडं तू घासलंस. आता तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

त्या क्षणी मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पदराखाली घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. माझा भाऊ वाईट नाही हो. म्हाताऱ्याच्या रडण्याने विरघळला म्हणून तर हे सगळं झालं. पण ज्याने म्हाताऱ्याला 'जाऊ नको' म्हणून ओरडून सांगितलं तो कोठडीत, आणि ज्याने नेलं तो घरी मासे साफ करतोय, हे मला गिळता येईना.

"उद्या गुरुवार. दुपारी बारापर्यंत तू स्वतः जा," मी म्हणाले. "तुझ्या तोंडाने सांग. बाराचे टोले पडले की मी आत जाणार."

"तू नाही जाणार."

"आईची शपथ, जाणार."

६

गुरुवारी दहापासून मी चौकीच्या पायऱ्यांवर बसले. पाट मांडला नाही. अकराला नर्सबाई आल्या, शेजारी बसल्या.  पिशवीतून दोन बेक म्हणजे तळलेले पाव काढले, खारा मासा भरलेले. एक माझ्या हातात दिला. मी तो मांडीवर धरून ठेवला.

"स्वतः आला तर काय होईल?" मी विचारलं.

"सार्जंटशी बोलले मी, नाव न घेता. स्वतः येऊन सांगणाऱ्याला मॅजिस्ट्रेट वेगळ्या नजरेने बघतो. घाबरला, चुकला, पण आला. दुसऱ्याने सांगितलं, तर मग तो फक्त पळालेला, आणि वर दुसऱ्याला अडकवणारा."

साडेअकरा झाले. पावणेबारा. बंदराच्या रस्त्याने येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला त्याचीच वाटत होती. एकदा तर उठून उभी राहिले, ती पाववाल्याची निघाली.

बाराचे टोले पडायला लागले. मी सगळे मोजले. मग आणखी थोडं थांबले. शपथेत तेवढं बसतं असं मी मनाला सांगितलं.

"पोरी," नर्सबाई म्हणाल्या, "मी आत जाऊ का?"

"नको. कडं मी घासलंय."

सार्जंटने सगळं लिहून घेतलं. म्हाताऱ्याने ला फिलेटला गाठलेला केल्व्हन, ग्रो रोश, दीड तास, कडं, सोडा आणि लिंबू. मध्ये एकदा त्याने विचारलं, "सख्खा भाऊ?" मी हो म्हणाले. त्याने कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला, मी सही केली. त्याने आत आवाज दिला, आणि ऑगस्टिनला बाहेर आणलं. दोन दिवसांची दाढी, पट्टा नसल्याने हाताने धरलेली पँट. काय झालं ते त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो माझ्यासमोर उभा राहिला.

"माझा भाऊ असता," तो म्हणाला, "तर मी तोंड उघडलं नसतं, व्हर्नेल." आणि गेला. आभार मानले की शिवी दिली, मला अजून समजलेलं नाही.

मी बाहेर आले. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. केल्व्हन पायऱ्या चढत होता. अंगात प्रार्थनेला घालायचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस ओले करून चापून बसवलेले. हातात काही नव्हतं, गाडीची किल्लीसुद्धा नव्हती. मला बघितलं, माझ्या मागे दारात उभ्या सार्जंटला बघितलं, त्याच्या हातातला कागद बघितला.

"सांगितलंस?"

"हो."

तो एक पायरी खालीच थांबला. लहानपणी मार खाण्याआधी उभा राहायचा, अगदी तसा.

"इस्त्री करत होतो, ताई," तो म्हणाला. "बाहीची चुणी काही केल्या जाईना. तूच करतेस ना नेहमी."